छाट

निपाणीच्या सरकारी दवाखान्यात नव्या योजनेचा फलक लागला.
खिळे जुनेच.
त्या खिळ्यांना आजवर किती योजना टांगल्या
ते शिपाई दुंडाप्पाला विचारा,
तो बोटं मोजतो आणि हसतो.

मी आशा. ते पदाचं नाव, माझं शालन मगदूम.
पगाराचंही तसंच, त्याला मानधन म्हणतात.
यल्लूबाईच्या परड्यात उभी राहिले
की मोबाइल कागलकडचा टॉवर धरतो
आणि अ‍ॅप सांगतं, तुम्ही कार्यक्षेत्राबाहेर आहात.
मग मी आत चुलीपाशी येते,
कर्नाटकात.

यल्लूबाई मांडीवर सूप घेऊन बसलेली.
चाळीस वर्षं रोज हजार विड्या.
आता सहाशेच होतात, मधे खोकला येतो.
ओढली एकही नाही तिनं,
नुसती वळली.

रेशनकार्डावर ती यल्लव्वा,
आधारवर येलूबाई,
विडी कामगार कार्डावर वाय. आर. कांबळे.
बेळगावच्या मोठ्या दवाखान्यात म्हणाले, नाळे बर्री.
कोल्हापुरात म्हणाले, तिकडचं कार्ड इकडं चालत नाही,
साहेब आल्यावर विचारू, उद्या या.
उद्या दोन्हीकडं आहे.

नवे डॉक्टर रायचूरचे, तरुण.
बाहेर एवढी रांग, तरी तिच्या छातीला नळी लावून
बराच वेळ ऐकत राहिले.
'दम्मु,' म्हणाले.
'व्हय, दमच,' ती म्हणाली.
दुभाषी म्हणून मला बोलावलेलं,
मी नुसती उभी.
मग त्यांनी संगणकावर अर्ज भरला
आणि पडद्यावर लाल अक्षरं आली.

त्याला मराठीत कसं सांगावं, मी शब्द शोधत होते.
यल्लूबाईनंच विचारलं,
'छाट काढली काय?'

म्हणजे मुकादम काढतो तशी.
पान फाटलेलं, दोरा सैल, तोंड नीट न मिटलेलं,
शेकड्यामागं पाच, त्याचं डोकं फिरलेलं असलं तर पंधरा.
छाटीचे पैसे मिळत नाहीत.
'पर छाट कुणी टाकून देत न्हाई, बाई,
आमची छाट त्येच इकत्यात, मागनं.'

डॉक्टरांनी विचारलं, काय म्हणाली?
मी सांगितलं, माझ्या मोडक्या कन्नडात, जमलं तेवढं.
मुकादमाला कन्नडात काय म्हणतात ते आठवेना,
मुकादमच म्हणाले. त्यांना कळलं.

त्यांनी चष्मा पुसला
आणि नाव पुन्हा पहिल्यापासून भरायला घेतलं.
यल्लू की येलू, विचारलं.
ती म्हणाली, तुमच्या मशीनला जे पटंल ते.