तळघरातली वही

नाव सोदबिलेगनं ठेवलं: खार साल्खी.
म्हणजे काळा वारा.
उलानबातरच्या पश्चिमेला, टायरच्या दुकानाखाली,
अकरा पायऱ्या उतरून आमचं तळघर,
तिथे वाऱ्याला शिरायला फट नव्हती.
मी गल्ल्यावर बसायचे. तासाला पाचशे तुग्रिक,
रात्रभराचे तीन हजार, चहा वेगळा.

बाहेर उणे अडतीस. कोळशाचा धूर इतका
की रस्त्यावरचे दिवे म्हणजे नुसते पिवळे डाग.
पोरं खेळायला येतात असं लोक म्हणत;
अर्धी तर ऊब घ्यायला यायची. मला ठाऊक होतं,
म्हणून हीटरशेजारचा सात नंबर
मी उसुखबयारसाठी अडवून ठेवायचे.
त्या हिवाळ्यात त्याच्या बापाची चारशे मेंढरं
उभ्याउभ्या गोठली होती.
पोरगा बोलायचा नाही. नेम मात्र असा,
की पडद्यावर डोकं दिसायच्या आधी
गोळी तिथे जाऊन थांबलेली.

असे पाच जमले. कानात वारं शिरलेले.
दार्खानच्या स्पर्धेला दुधाच्या व्हॅनमधून गेले,
कीबोर्ड पोटाशी, डेलच्या आत,
थंडीनं बटणं आखडू नयेत म्हणून.
बक्षीस: एक माऊस आणि पिठाचं पोतं.
माऊसवरून भांडले. पिठाचे बूझ मी केले.
वहीत आहे: मटण दोन किलो, उधार.

मग बीजिंग. रेल्वेनं, तीस तास.
सरहद्दीवर डबे उचलून खालची चाकं बदलतात,
पलीकडचे रूळ अरुंद असतात.
पोरं गाढ झोपलेली. मी जागी,
डबा अधांतरी, खाली हातोड्यांचे ठोके.
पुढे खेळाची नवी आवृत्ती आली,
पाठ झालेले नकाशे गेले, बसलेले हात चुकू लागले,
तेव्हा मला तेच ठोके ऐकू आले.
काहींची चाकं बदलली.
गान्सुखची नाही बदलली. तो टॅक्सी चालवतो,
छान चालवतो.

प्रायोजक आला. जर्सीवर लांडगा आला;
लांडगा आम्ही कुणी मागितला नव्हता.
सोदबिलेगच्या दाराला कडी नव्हती,
पण पाटी लागली: मुख्य कार्यकारी अधिकारी.
पंधराव्या मजल्यावर काचेचं घर, आचारी, मानसोपचारतज्ज्ञ.
पोरांनी पहिल्याच दिवशी
सगळ्या काचांना काळा कागद चिकटवला.

इत्गेलचं पान मी दोनदा फाडलं, दोनदा लिहिलं.
त्यानं एक सामना विकला,
आईच्या सहा महिन्यांच्या डायलिसिसला पुरतील
एवढ्याच पैशांना.
हे मी सांगतेय. चौकशीत तो गप्प बसला.
संघाची चकचकीत पुस्तिका निघाली,
त्यात त्या मोसमाच्या फोटोत चौघंच आहेत,
आणि खुर्चीच्या पाठीवर एक हात,
मनगटापाशी कापलेला.

मग नावही विकलं. सिंगापूरच्या कुणा कंपनीला
नाव, लांडगा, लीगमधली जागा, एकगठ्ठा.
काळ्या वाऱ्याला सह्या करून वाऱ्यावर सोडलं.
आता संघात दोघं डेन्मार्कचे, एक ब्राझीलचा,
बाकीच्यांची नावं मला म्हणता येत नाहीत,
आणि निवेदकाला आमचं.
'कार सालकी', 'कार सालकी' करतो.
ख घशातून खरवडून काढावा लागतो बाबा,
कोण सांगणार त्याला.
गुणी आहेत पोरं. पहाटे तीनला उठून बघते,
आवाज बंद करून.
जिंकले की टाळी वाजते माझ्याकडून,
मग स्वतःचाच राग येतो.

यंदा त्सागान सारला उसुखबयार आला.
केस विरळ झालेत, उजव्या मनगटाला पट्टा.
निळा खदग माझ्या हातांवर ठेवला, वही मागितली,
बोट फिरवत फिरवत स्वतःचं नाव काढलं.
बाकी: साडेनऊ हजार.
पाकीट काढून दहा मोजले.
मी घेतले. पाचशे परत दिले,
एका तासाचे.