चोडणची खेप

म्हापशाचं इस्पितळ, खाट चौदा.
छातीला तारा चिकटवलेल्या,
आणि सिस्टर ज्युडिता विचारते,
"सकाळची पहिली कधी?"
मला वाटलं, चहाचं विचारते.
"विडी. उठल्यावर किती वेळानं?"
म्हटलं, बाई, उठायच्या आधी.
ती हसली नाही. लिहून घेतलं.

डॉक्टर ओरडून गेले होते.
बायको दोन दिवस बोलत नव्हती,
पेज मात्र डब्यातून यायची, वर लोणच्याची फोड.
ही स्टूल ओढून बसली.
चपलेचा एक पट्टा सेफ्टी पिनेनं धरलेला.
एका नळीत फुंकायला लावलं,
छोट्या खिडकीत आकडा आला: एकोणीस.
"हा तुझ्या आतला धूर.
काल सोळा होता. आज कमी व्हायला हवा होता."
मी छताकडे पाहिलं.
संडासाच्या झरोक्यातली विडी
तिला ठाऊक होती, मला ठाऊक होती,
आणि आता त्या यंत्रालाही.
सव्वीस वर्षं फेरीबोटीच्या इंजिनापाशी काढली,
डिझेल जळतं कसं ते नुसत्या वासावरून सांगतो.
माझा धूर आजवर कुणी मोजला नव्हता.

दंडावर चौकोनी पट्टी लावताना ती म्हणाली,
"तल्लफ किती वेळ टिकते?"
मरेपर्यंत.
"रायबंदरहून चोडणला किती वेळ?"
पाच मिनिटं. ओहोटीला सहा-सात.
"मग तेवढीच. एक खेप."

घरी गेल्यावर दर गुरुवारी चारला फोन.
पहिल्या गुरुवारी खोटं बोललो.
"बरं," ती म्हणाली, "पुढच्या गुरुवारी."
दुसऱ्या गुरुवारी खोटं बोलायला जीभ वळेना.

शिगम्याच्या रात्री दोन ओढल्या.
फोनवर सांगून टाकलं, शिव्या खायची तयारी ठेवून.
तिकडे कागद उलटल्याचा आवाज.
"आधी दिवसाला तीस होत्या ना?
म्हणजे त्या दिवशी अठ्ठावीस ओढल्या नाहीस."
असा हिशेब मला शाळेत कुणी शिकवला असता
तर मी कदाचित फेरीवर नसतो.

मग एका गुरुवारी फोन आला नाही.
सव्वाचार. साडेचार.
मीच लावला. दुसराच आवाज:
सिस्टरांची बदली झाली, फोंड्याला.
काही निरोप?
काय सांगणार? एकसष्ट दिवस, म्हटलं.
"कसले?"
लिहून ठेवा फक्त. त्यांना कळेल.

संध्याकाळची खेप भरलेली.
दोन स्कूटर, माशांच्या पाट्या, ट्यूशनची पोरं.
एक पर्यटक वाकून विचारतो,
आगपेटी आहे का?
हात सवयीनं खिशात गेला.
चाव्या. लवंगा. पट्टीचा रिकामा कागद.
नाही, म्हटलं,
आणि पहिल्यांदाच ते खरं होतं.
पलीकडचा धक्का दिसत होता,
मिंगेलनं फळी सोडायला साखळी हातात घेतली होती.
तल्लफ अजून होती.
आम्ही अजून पाण्यावर होतो.