परिशिष्ट ब

निवाडा आला तेव्हा मी रामबागेत, गॅलरीत,
गणवेशाचा शर्ट वाळत घालत होतो.
फोनवर एकशे बारा पानं
आणि वर कॅप्टन मेहरोत्रांचा निरोप:
अभिनंदन. तत्त्व जिंकलं.
खाली दोन झेंडे, एक विमान.

तत्त्व कुठल्या पानावर आहे ते शोधलं.
सत्तर तासांची हमी मागितली होती,
पंचावन्नची मिळाली.
रात्रीचं उतरणं आता दोननंतरच रात्रीचं.
पावणेदोनला इंदूरला चाकं टेकली
तर लवादाच्या लेखी ती संध्याकाळ.
थकबाकी नाही.
मुक्कामाचा भत्ता वाढलाय, खोटं कशाला बोलू,
साठ रुपयांनी.
शर्वरी रेठरेकर म्हणाली,
"सर, पोहे, आणि वर सेव एक्स्ट्रा."
हसली मात्र नाही.

अपील?
परिशिष्ट ब, कलम सात: दोन्ही पक्षांना बंधनकारक.
एक पक्ष कंपनी. ती ओळखीची आहे,
तिच्याशी भांडताना पोटात तुटत नाही.
दुसरा पक्ष
मी होतो म्हणे.

विमानात एक वाचतो, दुसरा बघून सांगतो.
फ्लॅप्स. पूर्ण, पाहिले.
चाकं. खाली, तीन हिरवे.
एकोणीस वर्षं झाली, समोरचा "होईल रे" म्हणाला
म्हणून एकही चाक खाली आलेलं नाही.
आणि मेहरोत्रा, तुम्ही स्वतः चेकर होतात,
माझी कमांडची परीक्षा तुम्हीच घेतलीत,
आमची पाच वर्षं
तुम्ही कुणाला मोठ्यानं वाचून दाखवलीत?
"पाहिलं" कोण म्हणालं?

खालच्या मजल्यावर मुंगरेकाका.
त्यांच्या गिरणीचं फाटक बंद झालं तेव्हा मी शाळेत होतो.
युनियनच्या पावत्या त्यांनी अजून
पेढ्याच्या खोक्यात रबर लावून ठेवल्यात.
"तुला पावती देतात का?"
पगारातून परस्पर कापतात, काका.
"कापतात ना? मग युनियन आहे."
चेष्टा होती की दिलासा, कळलं नाही.
ते चष्मा पुसत राहिले.

राग कागदावर हवा म्हणून
पलासियाला जाऊन निवाडा छापून आणला,
स्पायरल घालून, एका बाजूने.
सकाळी कचऱ्याची गाडी गात गात आली,
मी तो गठ्ठा घेऊन तरातरा खाली उतरलो.
गाडीवरच्या पोराने हात आडवा केला:
"भैया, स्पायरल अलग करो.
कागज सूखे में, ये प्लास्टिक में."
मग भर रस्त्यात उभा राहून
मी स्पायरल उलटी फिरवत काढत बसलो.
मागे दूधवाला हॉर्न वाजवत होता.

पानं सुटली, तेव्हा एकशे नववं वर आलं.
लवादाकडे जायला संमती देणारे सभासद.
क्रमांक एक्केचाळीस, माझं नाव.
तारीख बघितली. त्या रात्री मी जबलपूरला होतो,
हॉटेलात, बूट न काढता आडवा,
आणि ग्रुपवर काहीतरी लांबलचक आलं होतं.
वाचलं नाही.
खाली सगळ्यांनी दिला, मीही दिला
तो पिवळा अंगठा.

मुंगरेकाकांना सातवीच्या पुढे शाळा नव्हती.
पण त्यांच्या प्रत्येक पावतीवर पूर्ण सही आहे,
वडिलांच्या नावासकट.

एकशे अकरा पानं गाडीत गेली.
संघटनेच्या राजीनाम्याचा मसुदा फोनमध्येच आहे,
पाठवलेला नाही. फाडलेलाही नाही,
फोनमधलं काही फाडता येत नाही.
शर्वरीला विचारलं, पुढच्या सभेला येतेस?
म्हणाली, "तुम्ही प्रश्न विचारणार असाल तर."

काल रात्री दिल्लीहून परत.
बिजासनच्या टेकडीवरचा दिवा उजवीकडे, मग मागे.
शर्वरीने वाचलं: चाकं.
मला माहीत होतं ती खाली आहेत.
तरी मी एकेक हिरवा मोजला,
जरा जास्तच वेळ लावून.

उतरलो. दार उघडलं. घड्याळात
एक वाजून अठ्ठेचाळीस.
शिडीशी उभ्या जांभया देणाऱ्या पोराला मी म्हणालो,
शुभ संध्याकाळ.