किती तास

बोनेरच्या खाडीत, कमरेइतक्या पाण्यात,
पाहुणी विचारते, "पक्कं यायला किती तास?"
रुडसेल शीड उपसतो. ओलं शीड
मेलेल्या गाढवाइतकं जड, ते तिला कळेलच.

तास त्याने कधी मोजले नाहीत.
आई किनाऱ्यावर शंख फोडायची.
शिंपल्यांचा ढीग गुडघ्याला होता तेव्हा तो नुसता पडत होता.
ढीग छातीला लागला,
तेव्हा वारा कुठून येतोय ते आधी मानेला कळू लागलं,
डोळ्यांना नंतर.
वळायला मात्र अजून एक वर्ष गेलं, आणि एक दात.

"वीस तास," तो सांगतो. फलकावर तेच लिहिलंय.

ती उभी राहते, गुडघे ताठ.
पडते.
नाकातलं पाणी काढत हसते, "आता?"

रुडसेलची मान किंचित वळते.
वारा चारपर्यंत आहे.