सोहारहून, पुस्तकं परत करताना

इद्रिस, तुझी दोन्ही पुस्तकं वाचून झाली.
सिमेंटच्या गोणीच्या कागदात बांधलीत,
गुरुवारी दुक्मला निघणाऱ्या टँकरवर देतो.
ड्रायव्हरनं विचारलं, हिशेबाच्या वह्या का?
मी हो म्हटलं.

आधी ते जाड. लाल ग्रहावरची वसाहत,
हवा मापून मिळते, पाणी पगारातून कापतात,
परतीचं यान दोन वर्षांतून एकदा.
प्रस्तावनेत लेखक म्हणतो, ही गोष्ट तीनशे वर्षांनंतरची.
नाइट शिफ्टला चौथ्या पंपापाशी बसून वाचत होतो,
एवढ्या मोठ्यानं हसलो
की कंट्रोल रूममधून कुरियन धावत आला,
त्याला वाटलं बेअरिंग गेलं.

पण एक जागा जमलीय हं. पान एकशे बारा.
तो वेल्डर हेल्मेट न काढता घरचा निरोप ऐकतो,
आणि उत्तर पोचायला बावीस मिनिटं लागतात म्हणून
पोचेपर्यंत मुलगी झोपलेली असते.
बाकी समासात केवढा भांडलायस तू लेखकाशी,
गुरुत्वाकर्षण चुकलं, बोल्टचा साइज चुकला,
"याने कधी पाना हातात धरलेला नाही"
इथे नुसती पेन्सिलीची एक उभी रेघ.
मी तिच्यावरून बोट फिरवून पुढे गेलो.

दुसरं, भुतांचं. माफ कर, भीती नाही वाटली.
दर गोष्टीत पिंपळ, दर गोष्टीत पडकी विहीर,
अमावस्या तर महिन्यातून चारदा.
इथे मुंजानं राहायचं कुठे?
ब्लॉक सी मध्ये खोलीला सहा बंक, सातवा मावत नाही.
आणि हडळीचा कफील कोण होणार?

गिऱ्ह्याची गोष्ट तेवढी ठीक.
मी चोपड्याचा, समुद्र पहिल्यांदा पाहिला तो विमानातून,
मला गिऱ्हा कळला तो तुझ्याकडून:
दाभोळच्या खाडीत तुझ्या चुलत्याला त्यानं
ओळखीच्या आवाजात होडीतून खाली उतरवलं,
ये, पाणी घोट्याएवढंच आहे.
पुस्तकातल्यापेक्षा तुझी चांगली होती.
लिहीत का नाहीस?

मग पहाटे तीनला सुचलं,
समुद्र तर तोच आहे.
दाभोळहून निघालं की मध्ये कुंपण नाही,
अंगठा द्यायची खिडकी नाही.
आमच्या इनटेकला मासे अडवायची जाळी आहे,
हाक अडवायची नाही.
मेंब्रेनमधून तो पलीकडे जाणार नाही म्हणा,
जिथे मीठ जात नाही तिथे गिऱ्हा काय जाणार.
म्हणजे उरेल तो मागच्या पाण्यात,
दुप्पट खारं करून जे आम्ही परत समुद्रात सोडतो,
रजिस्टरवर सही माझी.

हसू नकोस.
त्या रात्री आउटफॉलला राउंड होता.
टॉर्च होता, लावला नाही. का, ते विचारू नकोस.
फेस होता, कोमट वाफ होती, लांब बंदराचे दिवे.
आणि खालून, अगदी सहज,
जसं ओट्यावरून कुणी बोलवावं, तसं:
"ये रे भो, उतर. पानी घोटाइतलंच शे."

दाभोळच्या गिऱ्ह्याला अहिराणी कशी येते, इद्रिस?
आवाज कुणाचा होता ते इथे लिहीत नाही.
मी रेलिंगला दोन्ही हातांनी धरून उभा होतो,
शिफ्ट बदलली तरी.

तू शेवटचं पान आधी वाचतोस,
कुवेतला अर्ध्या पुस्तकावर तुझा व्हिसा कापला तेव्हापासून.
मी हसायचो तुला.
या वेळी गिऱ्ह्याच्या गोष्टीचं शेवटचं पान
मी अजून उलटलेलं नाही.
तिथे काय होतं, ते फोनवर सांगू नकोस.
भेटशील तेव्हा सांग, दिवसा.

पुढचं पाठवशील ते चंद्रावरचं पाठव.
धूळ, दगड, काहीही चालेल.
पाणी नको.