नऊ मिनिटांचा हिशोब

मार्केट यार्डात, हळदीच्या पेढीवरच्या माडीत
माझं टेबल.
कीबोर्डच्या फटींत पिवळं बसलेलं,
एफ सातची कळ सगळ्यात पिवळी.
ती दाबली की बांधणी सुरू.

पोत्यामागचा कडता अर्ध्या किलोनं बदलला
म्हणजे एका फायलीत एक आकडा.
म्हणजे एफ सात.
म्हणजे अकरा मिनिटं
फायलींची नावं एकेक करून वर सरकताना बघायची.
खाली तोलाईदार ओरडतोय, "पट्टी कुठाय, पट्टी?"
पोत्यावर बसलेला माणूस
संखच्या एसटीची वेळ तिसऱ्यांदा विचारतोय.
बाबगोंडा शेठ जिन्यातून,
"अरुंधती, झालं का गं?"
"होतंय, काका."
ह्या खुर्चीवर बसलेल्या प्रत्येकानं
वीस वर्षं हेच उत्तर दिलंय.

जुनं आहे, चालायचंच, म्हणायचे सगळे.
नवीन घेऊया म्हटलं की शेठ
हळकुंड मोडून पुढे धरायचे:
"आत बघ. रंग आहे न्हवं अजून?"

अमावास्येला सौदे बंद.
त्या दिवशी मी घड्याळ लावून बसले.

आधी सापडली ती वायर.
सगळा कोड पलीकडच्या खोलीतल्या सर्व्हरवर,
आणि पत्र्याखालून, दोन पालींच्या देखरेखीत,
एकच निळी वायर.
प्रत्येक फाईल तिच्यावरून ये-जा करणार.
कोड उचलून माझ्याच मशीनमध्ये आणला.
तीन मिनिटं गेली.

मग अँटीव्हायरस.
जन्मणाऱ्या प्रत्येक फायलीला दारात अडवून
पिशवी उघडा म्हणणारा.
त्याला सांगितलं, ह्या एका फोल्डरात
सगळी घरचीच आहेत बाबा.

मग कळलं, दोनशे चौदा फायली
आणि प्रत्येक जण तीच लांबलचक यादी
पहिल्या ओळीपासून वाचतोय.
अगं, कांदा-लसूण मसाला आपण
वर्षाचा एकदाच कांडून आणतो ना डंकावरून?
आमटीगणिक मिरच्या भाजत कोण बसतं?
एकदाच वाचून बरणीत भरून ठेवलं.
मशीनचा पंखा पहिल्यांदाच गप्प झाला.

राहिली वजन आणि पट्टी.
वजनाला पट्टी लागते, पट्टीला वजन,
आणि पट्टीला बोलावलं की मागून
हमाली, दलाली, बँक, अख्खं गोत येऊन बसतं.
वजनाला म्हटलं, तुला पट्टीचं नुसतं नाव पुरे,
खानदान कशाला?
तिथेच वर एक ओळ होती, इंग्रजी अक्षरांतली मराठी:
तात्पुरते. दिवाळीनंतर काढणे. ने. मगदूम.
कुठली दिवाळी, ते लिहिलं नव्हतं.

एफ सात.
अडतीस सेकंद.
पाण्याच्या बाटलीचं झाकण हातातच राहिलं.

दुसऱ्या दिवशी शेठच्या हातात लगेच पट्टी ठेवली.
त्यांनी ती उलटून पाहिली, उजेडात धरून पाहिली.
"कायतरी राहिलंय. परत कर."
परत केली.
मग मुनीमजींना बसवलं, पेन्सिलीनं बेरजा मारायला.
बेरजा जुळल्या. शेठचा चेहरा काही जुळेना.

संध्याकाळी माधवनगरला मगदुमांना फोन लावला.
मागे टीव्हीवर कुस्ती चालू होती.
"सर, अकरा मिनिटांचं अडतीस सेकंदांवर आणलं."
वाटलं, शाबास म्हणतील.
"अकरा?"
टीव्हीचा आवाज कमी झाला.
"मी सोडलं तवा दोन लागत हुती, पोरी.
मधली नऊ कुणाची?"

रात्री दिवा लावून सगळ्या कोडमध्ये शोध घेतला:
तात्पुरते.
सतरा ठिकाणी सापडलं.
सहांखाली माझी आद्याक्षरं.