वाढत्या अंगाचं

सक्करदऱ्याच्या दुकानात तो म्हणाला होता,
हे एवढंच राहते जी, रुपयाएवढं.
आणि दिला प्लास्टिकचा डबा,
मधोमध हिरवं नारळाचं झाड,
झाडाखाली बशीभर पाणी.
आचलनं तो मांडीवर धरून आणला,
मी खड्डे चुकवत स्कूटर चालवली.

त्याला तीन वर्षं झाली.
आता ते ताटलीएवढं झालंय
आणि घमेल्याच्या काठाला रात्रभर नखं घासतं.
कर्र. थांबतं. कर्र.
मशीनचं पायडल तेल मागतं तसं.

मी शिंपी. महालात एकतीस वर्षं गणवेश शिवले.
पोराच्या आईला न विचारता
आतून दोन बोटं दाब सोडतो.
वाढत्या अंगाचं असू द्या, म्हणतो,
जूनमधलं पोर दिवाळीत तेच नसतं.
आणि माझ्याच घरात
ह्या जिवाला मी फिटिंगचं दिलं.

रविवारी टेप काढली.
पाठ साडेआठ इंच. त्यानं मान आत घेतली,
गिऱ्हाइकं पोट आत घेतात तशी.
आचलनं वहीत लिहिलं:
लांबी पाठीच्या पाचपट तरी.
पाणी इतकं, की उताणं पडलं तर सुलटं होता यावं.
आणि एक कोरडी जागा, उन्हातली.

इतवारीत काचेची टाकी पाहिली,
चार फूट, निळा दिवा, देखणी.
पण आमची खोली गच्चीखालची.
मे महिन्यात काचेत कासव नाही,
रस्सा होईल.
अशफाकभाईनं कूलरचा जुना टब दाखवला,
फुकट घेऊन जा म्हणाला.
नखानं खरवडला तर रंगाचा पोपडा हातात.
खाईल ते. नको.
काळी टाकी आडवी कापून?
उन्हात तिला हात लावला
आणि लगेच काढून घेतला.

निखारेकाका फाटकावरूनच बोलले,
काऊन डोकं लावून राहिला बे,
फुटाळ्यात सोडून दे, पुण्य भेटन.
काका, कानामागं लाल पट्टा आहे,
हे आपल्याकडचं नाही,
तळ्यातल्यांच्या तोंडचा घास खाईल.
मग देवळातल्यासारखं दगडाचं आण, म्हणाले,
पाणी मागत नाही, वाढत नाही.

शेवटी हिंगणा रोडला एका गवळ्यानं गोठा मोडला.
गुरांची सिमेंटची डोण,
पाच फूट लांब, काठ म्हशींनी चाटून गुळगुळीत केलेला.
टेम्पोवाल्यानं डोणीपेक्षा जास्त घेतले.
मोरीमागं ठेवली,
दहापर्यंत ऊन, मग भिंतीची सावली.
नळ दिवसाआड.
पिंप भरून रात्रभर उघडा ठेवला,
औषधाचा वास उडू दिला.
आठवड्यानं काढलेलं पाणी कढीपत्त्याला,
असं बायकोशी ठरलं,
नाहीतर ती ऐकणारी नव्हती.

विटांच्या पायरीवर ते तासभर बसून राहिलं.
आम्ही तिघंही उभे.
मग सरकलं,
आणि पहिल्यांदाच पोहताना कशालाच धडकलं नाही.
वळलंसुद्धा उगीच,
वळता येतं म्हणून.

त्या रात्री कर्र ऐकू आलं नाही
तर झोपच येईना.
दोनदा टॉर्च घेऊन बघून आलो.

सकाळी आचल म्हणाली,
बाबा, अकरावीच्या कुर्त्याला दाब सोडू नका आता,
मी काय वाढणार आहे?
बरं म्हणालो.
आतून दोन बोटं मुडपली,
आणि मशीनला तेल घातलं.